घर बंद असताना स्मार्ट स्पीकर कितपत राखण करतो?

उन्हाळ्यात मराठवाड्यातलं कोणतंही वर्तमानपत्र उघडा, ‘बंद घराचा कडीकोयंडा तोडून’ अशी सुरुवात असलेली बातमी आतल्या पानावर सापडतेच. लग्नसराई असते, शाळांना सुट्ट्या असतात, घरं आठ-आठ दिवस बंद असतात. जे घरी असतात तेही रात्री उकाड्यानं गच्चीवर नाहीतर माळवदावर झोपायला जातात आणि खालचं घर रात्रभर मोकळं राहतं. चोराला हे आपल्याइतकंच ठाऊक असतं.

त्याच घरांमध्ये आता टीव्हीशेजारी एक वाटोळा स्पीकर दिसू लागलाय. अ‍ॅमेझॉनचा इको भारतात २०१७ मध्ये आला, गुगलचा होम २०१८ मध्ये. पुण्यात नोकरीला असलेली लेकरं सणाला येताना तो घेऊन येतात. गाणी लावायला, हवामान विचारायला, नातवंडांना गोष्टी ऐकवायला. मग कधीतरी विषय निघतो: हे यंत्र घरावर लक्ष ठेवील का? यूट्यूबवर तर काय काय दाखवतात.

ठेवील, पण थोडं. ते थोडं नेमकं कोणतं हे समजून घेतलं तर त्याचा खरोखर उपयोग होतो. न समजता भरवसा टाकला तर मात्र कुलपाकडे आणि शेजाऱ्याला सांगून जाण्याकडे दुर्लक्ष होतं, आणि ते नुकसान स्पीकरच्या किमतीपेक्षा मोठं असतं. म्हणून आधी हे यंत्र करतं काय ते पाहू.

स्पीकर ऐकतो म्हणजे काय करतो

आत दोन-चार बारीक मायक्रोफोन, एक छोटा संगणक आणि वायफाय एवढंच असतं. तो सतत कान देऊन असतो, हे खरं. पण तो वाट बघत असतो एका ठरलेल्या हाकेची: अ‍ॅमेझॉनच्या स्पीकरला ‘अलेक्सा’, गुगलच्या स्पीकरला ‘ओके गुगल’. ती हाक ओळखण्यापुरती अक्कल त्याच्या स्वतःच्या आत असते. हाक ओळखू आली की दिवा लागतो आणि पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांकडे जातं. तिथं त्याचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो आणि हुकूम परत आपल्या घराकडे निघतो. आपण ‘लाईट लाव’ म्हटलं आणि बल्ब दुसऱ्या कंपनीचा असला, तर हुकूम आधी त्या कंपनीच्या संगणकाकडे आणि तिथून आपल्या बल्बकडे येतो. बल्ब दहा फुटांवर असला तरी वाट ही अशी लांबची. काही नवे बल्ब आणि सेन्सर घरातल्या घरात बोलतात, पण बहुतेक घरांत आज जे लागलेलं आहे ते या लांबच्या वाटेनंच चालतं.

म्हणजे स्पीकर हा मुळात निरोप्या आहे. दार उघडलं हा निरोप दाराकडून तुमच्याकडे आणायचा, दिवा लाव हा निरोप तुमच्याकडून दिव्याकडे न्यायचा. चोराला अडवणं, हाकलणं, पोलिसांना बोलावणं ही कामं तो करत नाही. आणि निरोप पोचायचा तर वाट मोकळी हवी आणि पलीकडे तो घेणारं कुणीतरी हवं.

इथं एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये दाखवतात की काच फुटल्याचा किंवा धुराच्या भोंग्याचा आवाज स्पीकर स्वतः ओळखतो आणि मालकाला कळवतो. ही ‘अलेक्सा गार्ड’ नावाची सोय तिकडे २०१९ मध्ये आली, २०२३ मध्ये तिच्या जागी पैसे भरून घ्यायची वेगळी सेवा आली. ती अमेरिकेपुरती आहे. आपल्याकडे स्पीकर घेताना ‘काच फुटली की सांगतो’ असं कुणी दुकानात म्हणालं तर तिथंच अ‍ॅप उघडून दाखवायला सांगा. आणि भारतात अलेक्साला सांगून ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन लागत नाही. तो नंबर हातातल्या मोबाईलवरूनच फिरवायचा.

लाईट गेली की काय होतं

आपल्या भागात या सगळ्या प्रकरणाचा जीव इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्पीकर चालायला तीन वस्तूंना वीज लागते: स्वतः स्पीकरला, वायफायच्या राऊटरला आणि फायबरची वायर जिथं येते त्या छोट्या डबीला. कित्येक घरांत राऊटर इन्व्हर्टरवर असतो आणि फायबरची डबी मात्र साध्या सॉकेटवर. लाईट गेली की वायफायची खूण दिसत राहते पण नेट नसतं, आणि माणूस कंपनीला दोष देत बसतो. तिन्ही वस्तू एकाच इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. त्यांना मिळून एखाद्या छोट्या एलईडी ट्यूबइतकीच वीज लागते. घर बंद आहे, पंखे चालू नाहीत, अशा वेळी चांगल्या स्थितीतली दीडशे अ‍ॅम्पिअरची बॅटरी त्यांना एक दिवस सहज पुरते. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण तो राऊटर आणि डबीपुरता. स्पीकरचा वेगळा विचार करावा लागतो.

काही इन्व्हर्टरवर साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये लाईट जाताना क्षणभर खंड पडतो, पंख्याला तो कळतही नाही, पण राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढी दोन-तीन मिनिटं घर मुकं होतं. दिवसात पाचदा लाईट जात असेल तर हे पाचदा होतं. यूपीएस मोडवर ठेवा.

आता सगळ्यात मोठी अडचण. गावाला निघताना आपल्याकडे मेन स्विच बंद करून जायची सवय आहे. शॉर्ट सर्किटच्या भीतीनं वडीलधारी माणसं ते आवर्जून करतात आणि त्यात चूक काही नाही. पण मेन बंद झाला की इन्व्हर्टर बॅटरीवर येतो, ती संपेपर्यंत चालतो आणि मग स्पीकर, कॅमेरा, सेन्सरचे निरोप सगळं गप्प. घरच्या माणसाला वाटतं, आपण सगळी सोय करून आलोय. यावर उपाय वायरमनचा आहे: इन्व्हर्टर आणि राऊटरची लाईन स्वतंत्र एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या वेगळ्या खटक्यावर, घ्यायची, म्हणजे गिझर, मोटार, स्वयंपाकघर बंद करून जाता येतं आणि एवढी एक लाईन चालू राहते. पुढच्या वेळी वायरमन घरी आला की हे काम करून घ्या. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

लाईट परत येते तेव्हाही एक गंमत नसलेली गोष्ट घडते. बहुतेक स्मार्ट बल्ब वीज परत आली की आपोआप पूर्ण उजेडानं लागतात. रात्री तीनला लाईट आली की बंद घरातले सगळे बल्ब एकदम पेटतात आणि सकाळी दहापर्यंत तसेच राहतात. बाहेरून बघणाऱ्याला आणखी काय सांगायला हवं? बल्बच्या अ‍ॅपमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो, तिथं ‘आधी होतं तसंच’ निवडा. शिवाय ठरलेल्या वेळी लाईट गेलेली असेल तर त्या वेळचा हुकूम वाया जातो. तो नंतर आपोआप पाळला जाईलच असं नाही. म्हणून ‘दिवा बंद’ हा हुकूम रात्री साडेदहाला एकदा आणि साडेअकराला पुन्हा एकदा लावून ठेवावा.

नेटचं एक दुखणं जुन्या वाड्यांचं आहे. दोन-अडीच फुटांच्या दगड-मातीच्या भिंतीतून वायफाय नीट जात नाही. राऊटर माजघरात आणि स्पीकर ढाळजेत ठेवला तर तो निम्मा वेळ ‘नेट नाही’ म्हणत राहतो. मध्ये चौक असेल तर राऊटर चौकाकडे उघडणाऱ्या दाराजवळ ठेवून बघा, भिंतीपेक्षा मोकळ्या हवेतून लहरी चांगल्या जातात. राऊटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली संथ पण लांब पोचणारी, दुसरी वेगवान पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक पहिल्याच पट्टीवर चालतात. बल्ब जोडला जात नाही अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

घर चालतंय असं दिसावं

स्पीकरचं खरं काम इथं आहे. घरफोडी करणारा बहुधा आधी गल्लीतून फिरून जातो. त्याला बंद घर हवं असतं आणि बंद घर स्वतःच ओरडून सांगत असतं. अंगणात सडा नाही, उंबऱ्यावर रांगोळी नाही, दारात दोन दिवसांचे पेपर पडलेत, दाराला बाहेरून मोठं कुलूप लटकतंय. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे चोवीस तास जळणारा बाहेरचा दिवा. उजेड असला की चोर येत नाही असं समजून आपण तो लावून जातो, पण भर दुपारी जळणारा बल्ब म्हणजे ‘घरात कुणी नाही’ अशी पाटीच.

स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये ‘रूटीन’ नावाची सोय असते. ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या वाक्यावर दोन-चार कामं एकापाठोपाठ करून घ्यायची. रूटीन बनवताना आपलं घर रोज कसं चालतं ते आठवा. दिवेलागणीला ओसरीचा दिवा लागतो. त्यासाठी घड्याळाची वेळ देऊ नका, ‘सूर्यास्त’ निवडा. डिसेंबरात आणि मेमध्ये दिवेलागण एका वेळी होत नाही. मग स्वयंपाकघराचा दिवा तास-दीड तास. जेवणानंतर तो बंद, बैठकीतला चालू. साडेदहाला सगळं बंद, फक्त बाहेरचा बारीक दिवा. पहाटे पुन्हा स्वयंपाकघर. सगळे दिवे एकदम लागणं आणि एकदम विझणं हे माणसांचं वागणं नाही, यंत्राचं आहे.

आवाजही द्या. सकाळी सहाला वीस मिनिटं हरिपाठ किंवा भजन, संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या. आवाज दाराबाहेर जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवा. शेजाऱ्याला त्रास होईल इतका नको. कुत्रा भुंकल्याचा आवाज काढायच्याही सोयी मिळतात, त्या मला पटत नाहीत. तेच भुंकणं त्याच तालात तिसऱ्यांदा ऐकलं की गल्लीतलं पोरगंसुद्धा ओळखतं.

स्मार्ट बल्बची एक शिस्त घरातल्या सगळ्यांना सांगावी लागते. भिंतीवरचं बटण चालूच ठेवायचं. ते बंद केलं की बल्बची वीजच तुटते आणि स्पीकरनं कितीही हाका मारल्या तरी तो लागत नाही. आपल्या हाताला खोलीतून निघताना बटण दाबायची सवय आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात हे बिघडतंच. बटणावर कागदाची पट्टी चिकटवली तरी चालते.

सडा मात्र स्पीकरला टाकता येत नाही. त्यासाठी शेजारच्या काकूंना सांगून जावं लागतं: दोन दिवसांनी जरा झाडून सडा टाका, पेपर उचलून ठेवा. रूटीन आणि काकू दोन्ही असतील तर घर खरंच चालतंय असं दिसतं. निघाल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकणं परतल्यावर करा, एवढीच माझी विनंती. तुळजापूरच्या दर्शनाचा फोटो चार दिवसांनी टाकला तरी देवीची कृपा तेवढीच राहते.

दार उघडलं तर कळावं

स्पीकर आवाजावरून दार ओळखत नाही, त्याला सेन्सर जोडावा लागतो. दाराचा सेन्सर फार साधा असतो. दोन तुकडे, एकात लोहचुंबक, दुसऱ्यात चुंबक जवळ असला की मिटणारी एक बारीक पत्ती. एक चौकटीला लावायचा, एक दाराला. दार उघडलं की चुंबक लांब जातो, पत्ती सुटते आणि निरोप निघतो. दोन तुकड्यांत साधारण दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फट राहिली तर तो दार सदैव उघडंच समजतो. जुनी सागवानी दारं पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आटतात, तेव्हा लावताना ही फट मोजा. लोखंडी दारावर किंवा शटरवर चुंबकाचा जोर लोखंड खाऊन टाकतं. मधे लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालून बसवावा. घेण्याआधी हा सेन्सर तुमच्याच स्पीकरशी जुळतो का ते विचारा. काहींना मधे एक वेगळा हब, म्हणजे सेन्सरचा निरोप पुढे पोचवणारी डबी, लागतो.

दुसरा प्रकार हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचा. तो माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता बघतो, खरं म्हणजे अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या उष्णतेतला फरक बघतो. पुस्तकात हे छान चालतं. पण परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखालची किंवा पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. भिंत आणि अंग दोन्ही सारखेच गरम असले की फरक उरत नाही आणि सेन्सर मंद होतो. ज्या महिन्यांत त्याची गरज सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत तो सर्वांत कमी भरवशाचा. म्हणून आपल्याकडे पहिला सेन्सर दाराचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गच्चीवर झोपणाऱ्या घरासाठी हे असं जमवा. मुख्य दाराला एक सेन्सर, मागच्या दाराला एक. रूटीन असं: रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात दार उघडलं की खालचे सगळे दिवे लावायचे आणि स्पीकरवरून मोठ्यानं वाक्य बोलायचं. आता खालचा स्पीकर कितीही ओरडला तरी गच्चीवर फॅनच्या आवाजात ऐकू येईलच असं नाही. जिन्याच्या वरच्या खोलीत दुसरा लहान स्पीकर ठेवला तर तो बोलेल. दुसरा घ्यायचा नसेल तर मोबाईल वर न्या. हे सांगायचं कारण, कितीतरी घरांत मोबाईल रात्री खाली चार्जिंगला लावलेले असतात आणि निरोप त्या रिकाम्या खोलीत येऊन पडतो. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असेल तर त्या अ‍ॅपला सूट द्या.

आणि वाक्य काय असावं? ‘मागचं दार उघडलं’ एवढंच. चोराला धमकावणारी वाक्यं नकोत. खाली अंधारात कुणी असेल तर दिवे लागणं आणि आवाज होणं पुरेसं असतं. बहुतेक वेळा तो पळतो. तो पळाला नाही तर आपण एकट्यानं जिना उतरायचा नाही. वरूनच आरडाओरडा करून शेजार जागा करायचा, ११२ फिरवायचा.

घरी एकटे राहणारे आई-वडील

लेकरं पुण्या-मुंबईला आणि आई-वडील लातूर, जालना, हिंगोलीला, हे आता घरोघर आहे. त्यांच्यासाठी स्पीकरचा उपयोग चोरीपेक्षा आधाराचा जास्त आहे. रात्री दार वाजलं तर उठून फोन शोधण्याऐवजी अंथरुणातूनच मुलाच्या फोनमधल्या अ‍ॅपवर हाक पोचवता येते. हात मोकळे नसताना, चष्मा सापडत नसताना याची किंमत कळते.

भाषेचं मात्र अडतं. अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, मराठी तिला येत नाही. आपल्या भागात हिंदी कानावरची आहे, त्यामुळे फार अवघड जात नाही, पण घाबरलेलं माणूस घाबरल्यावर आपल्याच भाषेत बोलतं. त्यावर तोड आहे. रूटीनचं वाक्य आपण ठरवू शकतो, तेव्हा दोन्ही भाषांत सारखे असणारे शब्द निवडा. ‘घर बंद’ हे शब्द मराठीतही तेच आणि हिंदीतही तेच. ‘अलेक्सा, घर बंद’ म्हटलं की सगळे दिवे बंद, बाहेरचा चालू. आईला नवीन काही पाठ करावं लागत नाही.

मुलाला लांबून थेट घरातल्या स्पीकरमध्ये शिरून बोलायचीही सोय असते, समोरच्यानं फोन उचलायची गरज नसते. पडलेल्या वडिलांची हाक ऐकू यावी म्हणून ती मोलाची आहे. पण याच सोयीनं आई-वडिलांच्या नकळत त्यांचं बोलणंही ऐकता येतं. ती चालू करण्याआधी त्यांना विचारा, हिरवा दिवा लागला की कुणीतरी ऐकतंय हे दाखवा, आणि ती फक्त घरातल्या खात्यापुरती ठेवा. आपल्याच घरात मोकळेपणानं बोलता न येणं ही कसली सुरक्षितता?

आता स्पीकरलाच कुलूप

घराचं सगळं ज्याच्या हातात दिलं, ते यंत्र स्वतः उघडं असेल तर चोराला दार फोडायची गरज नाही.

पहिलं, खातं कुणाचं? दुकानातला पोरगा घरी येऊन जोडून देतो आणि घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो. मग तुमच्या घराचे दिवे, सेन्सर, कॅमेरा त्याच्या खात्यात राहतात. खातं घरातल्याच माणसाच्या नावानं, पासवर्ड दुसरीकडे न वापरलेला आणि लॉगिनला ओटीपी लागेल अशी सोय चालू, हे तिन्ही समोर बसून करून घ्या. बरेच कॅमेरे आणि राऊटर कारखान्यातून येतात ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या पासवर्डसह. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच मदतीनं मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

दुसरं, जागा. स्पीकर खिडकीपासून लांब ठेवा. गल्लीला लागून खिडकी असेल तर बाहेरून कुणीही मोठ्यानं हुकूम देऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या आणि टोकियोतल्या संशोधकांनी तर दाखवून दिलं की काचेपलीकडून मायक्रोफोनवर लेझरचा झोत विशिष्ट पद्धतीनं कमीजास्त केला तर स्पीकर त्याला आवाजच समजतो. शंभर मीटरवरून त्यांनी हुकूम देऊन दाखवले. आपल्या गल्लीत चोर लेझर घेऊन येईल असं मी म्हणत नाही. पण खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला की लेझर आणि ओरडणं दोन्हींचा प्रश्न मिटतो.

तिसरं, दाराचं कुलूप आवाजानं उघडायची सोय. अलेक्सावर ती मुळात बंद असते आणि चालू केली तर पिन सांगावा लागतो. पण मोठ्यानं बोललेला पिन घरातल्या पाहुण्यानंही ऐकलेला असतो. आवाजानं कुलूप लावणं ठीक, उघडणं नको.

चौथं, रेकॉर्डिंग. दिलेले हुकूम कंपनीकडे साठतात. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत मुलांचे आवाज हवे त्यापेक्षा जास्त काळ साठवल्याच्या प्रकरणात अडीच कोटी डॉलर दंड मान्य केला. त्याच सुमारास त्यांच्याच रिंग कॅमेऱ्यांबद्दल तिथल्या व्यापार आयोगाचं म्हणणं होतं की कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते. तेव्हा झोपायच्या खोलीत स्पीकर नको, कॅमेरा तर नकोच. अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग ठरावीक काळानं आपोआप पुसायची सोय आहे, ती लावा. पैशाचं, दागिन्यांचं, सोयरिकीचं बोलणं चाललं असेल तर स्पीकरवरचं माईक बंद करायचं बटण दाबा. अलेक्सावर लाल दिवा लागला म्हणजे कान बंद.

आणखी एक धोका घरफोडीहून जास्त घरांत शिरतोय. स्पीकर चालेना म्हणून लोक इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि वर दिसणारा नंबर फिरवतात. तो भामट्यानं टाकलेला असतो. तो मोबाईलची स्क्रीन दिसणारं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि बँकेचं खातं रिकामं करतो. नंबर नेहमी स्पीकरच्याच अ‍ॅपमधून किंवा खोक्यावरून घ्या. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी नंबरवर कळवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

पैसे आधी कशावर

माझं मत विचाराल तर पहिला खर्च दाराचा. कोयंड्याचे स्क्रू काढून आरपार बोल्ट बसवा आणि बाहेरून दिसणारं कुलूप जाऊन आत बसणारं इंटरलॉक घ्या, म्हणजे घर बंद आहे की आतून कडी लावलीय हे बाहेरून कळतच नाही. मग दोन स्मार्ट बल्ब आणि स्पीकर. मग दाराचे सेन्सर. कॅमेरा शेवटी, आणि घ्याल तो नवा घ्या: एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे, जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तरी नको.

शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतावरच्या घरी, स्पीकर नेऊ नका. तिथं वीज शेतीच्या फीडरची, ठरावीक तास येणारी, आणि नेट मोबाईलचं. मोटारीच्या पेटीवर आणि केबलवर लक्ष ठेवायला सिमवर चालणारा सोलर कॅमेरा त्यापेक्षा कामाचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची घरं पाच-सहा महिने बंद असतात. त्यांनी नेटचं बिल भरत स्पीकर चालू ठेवण्यात अर्थ नाही. मौल्यवान वस्तू घरात न ठेवणं आणि मागं राहिलेल्या माणसांच्या नजरेत घर असणं, हाच तिथला मार्ग आहे.

निघायच्या आधी

गावाला जायच्या दोन-तीन दिवस आधी एका संध्याकाळी रंगीत तालीम करा. घरातली सगळी माणसं बाहेर गल्लीत उभी राहा. महावितरणची लाईट बंद करा आणि बघा, नेट टिकतं का. दार उघडा आणि बघा, फोन वाजतो का, कुणाचा वाजतो, किती वेळानं. लाईट परत चालू करा आणि बघा, कोणते दिवे उगाच लागले. जो निरोप पोचणार आहे तो तुम्ही तीनशे किलोमीटरवर असताना पोचेल, तेव्हा तिथं दहा मिनिटांत कोण जाऊ शकतं त्याचं नाव ठरवा, त्याला तसं सांगा, त्याचा नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. त्यानं एकट्यानं आत जायचं नाही, बाहेरून बघून कळवायचं, हेही सांगा.

आणि दुर्दैवानं घर फुटलंच, तर काही हलवू नका, कपाटाला हात लावू नका, ११२ ला कळवा. स्पीकर किंवा सेन्सर घाईघाईनं रीसेट करू नका. दार किती वाजता उघडलं, किती वेळ उघडं राहिलं, दिवा कधी बंद झाला, याची नोंद अ‍ॅपमध्ये तारीख-वेळेसह असते. तिचे स्क्रीनशॉट घ्या, जुनी नोंद आपोआप पुसायची सोय तेवढ्या काळापुरती बंद करा आणि पंचनाम्याच्या वेळी ती पोलिसांना दाखवा. रात्री दोन वाजून किती मिनिटांनी दार उघडलं हे नक्की सांगता आलं, तर गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात नेमकं कुठं बघायचं ते त्यांना कळतं.